पहाटेचा फोटो आदल्या संध्याकाळी ठरतो

प्रश्न : मी कोरेगावला राहतो. दिवाळीत जुना, क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा डीएसएलआर घेतला. सोबत १८-५५ ची लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे. सध्या रविवारी पहाटे साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटात जातो, पावणेसातपर्यंत पोहोचतो. धुकं, डोंगररांगा, उगवता सूर्य, सगळं डोळ्यांना सुरेख दिसतं. फोटोत मात्र आकाश पांढरंफटक येतं, नाहीतर डोंगर काळेकुट्ट. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बरे वाटलेले फोटो घरी कॉम्प्युटरवर अंधारे निघतात. सगळं शार्प यावं म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक, एफ/२२ ठेवतो, तरी चित्र मऊच. लेन्सवर वाफ धरते आणि आठच्या आत बॅटरी संपते. आणखी रुंद लेन्स घेऊ, की एखादा क्लास लावू?

उत्तर : दोन्हीचे पैसे तूर्त खिशातच ठेवा. तुमची मुख्य अडचण वेळेची आहे. जानेवारीत साताऱ्यात सूर्य सात वाजून पाच-दहा मिनिटांच्या सुमारास उगवतो. निसर्गचित्राला लागणारा मऊ, निळसर प्रकाश मात्र त्याच्या चाळीस मिनिटं आधीपासून असतो. तुम्ही पावणेसातला गाडी लावता, बॅग उघडता, ट्रायपॉड उभा करता आणि जागा शोधता. एवढ्यात सात वाजतात. उरलेल्या दहा मिनिटांत घाईघाईनं सेटिंग बदलत फोटो काढले, की तुम्ही लिहिलंय तसंच होतं. सव्वासहाला जागेवर हजर असा.

इंटरनेटवरचे बरेचसे धडे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी केलेले असतात. तिथं हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच राहतो. लंडनला डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो, म्हणून तिथल्या माणसाला सोनेरी प्रकाश तासन् तास मिळतो. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथं सूर्य तिरका रेंगाळत नाही, तासाला सुमारे १३ अंश वर चढतो. पहिल्या सहा अंशांपर्यंतच उन्हाला खरा सोनेरी रंग असतो. म्हणजे आपल्या हातात सूर्योदयानंतरची घटकाभर वेळ असते, फार तर अर्धा तास. पावणेआठनंतर सावल्या कडक होतात. तेव्हा विचार करायचं काम पहाटेवर ढकलू नका. जागा, दिशा, चौकट, फोकसची जागा हे सगळं आदल्या दिवशी संध्याकाळी उजेडात ठरवून या.

शनिवारी पाचच्या सुमारास घाटात जा. सूर्य कुठून येणार ते मोबाइलच्या होकायंत्रावर पाहा. अगदी पूर्व म्हणजे ९० अंश. डिसेंबरच्या अखेरीस मात्र सूर्य आपल्याकडे ११५ अंशांवर उगवतो आणि जानेवारीच्या मध्याला ११२ वर. थंडीत तो पूर्वेपेक्षा बराच आग्नेयेकडे असतो, म्हणून घाटातून पाहताना तो अजिंक्यतारा किल्ल्याच्या बाजूला सरकलेला दिसतो. २१ मार्चच्या आसपास तो बरोबर पूर्वेला येईल. त्याच वळणावरून काढलेला फोटो तेव्हा वेगळा असेल. ट्रायपॉडचे तीन पाय कुठं टेकणार ते नक्की करा, त्या जागी एक ओळखीचा दगड हेरून ठेवा आणि मोबाइलवर चौकटीचा एक साधा फोटो घ्या. पहाटे अंधारात तोच फोटो समोर धरून कॅमेरा लावायचा.

हलका ट्रायपॉड चालतो, फक्त तो नीट उभा करावा लागतो. आधी वरचे जाड पाय उघडा. खालचे बारीक पाय गरज असेल तरच. मधला दांडा वर काढू नका, तो काढला की ट्रायपॉडचं बळ निम्मं जातं. एक पाय उताराच्या बाजूला ठेवा, दोन तुमच्या बाजूला. डांबरावर उभं राहू नका, प्रत्येक जाणाऱ्या गाडीबरोबर रस्ता थरथरतो. वारा असेल तर मधल्या हुकाला बॅग अडकवा, पण ती जमिनीला टेकलेली हवी. लोंबकळती बॅग झुलते आणि तिच्याबरोबर कॅमेराही झुलतो. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर ट्रायपॉडवर ते बंद करा. जुन्या लेन्सचा स्टॅबिलायझर नसलेलं हलणं शोधत बसतो आणि स्वतःच चित्र हलवतो. शटरचं बटण बोटानं दाबून लगेच फोटो काढू नका, दोन सेकंदांचा टायमर लावा. साधारण १/१५ ते १ सेकंद या वेळांत आतल्या आरशाच्या धक्क्यानंही चित्र हलतं, आणि सूर्योदयाच्या आसपासचं शटर नेमकं इथंच असतं. म्हणून त्या वेळी लाइव्ह व्ह्यूवरून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दृश्य पाहत फोटो काढा, त्यात आरसा आधीच वर गेलेला असतो.

आता फोकस. अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे फिरत राहतो आणि शेवटी कुठं तरी अडकतो. लाइव्ह व्ह्यू चालू करून शहरातला एखादा लांबचा दिवा दहापट मोठा करा, तो ठिपका सगळ्यात लहान दिसेपर्यंत फोकसची रिंग हळूहळू फिरवा आणि लेन्स मॅन्युअलवरच ठेवा. त्यानंतर झूम हलवू नका. या लेन्समध्ये झूम बदललं की फोकसही सरकतो, मग पुन्हा पहिल्यापासून. पुढ्यात दवानं भिजलेलं गवत किंवा खडक घ्यायचा असेल तर हिशेब वेगळा. क्रॉप सेन्सरवर १८ मिमी (लेन्सचं रुंद टोक) आणि एफ/८ ला सुमारे सव्वादोन मीटरवर फोकस केलात तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. हाच हिशेब ५५ मिमीला केला तर फोकस २० मीटरवर करावा लागतो आणि दहा मीटरच्या अलीकडचं काही धड येत नाही. लांबच्या टोकाला पुढचं गवत चौकटीत घेऊच नका.

यातच तुमच्या एफ/२२ चं उत्तर आहे. छिद्र फार बारीक केलं की त्याच्या कडेवरून प्रकाश वाकतो आणि प्रत्येक बिंदू थोडा पसरतो. क्रॉप सेन्सरवर एफ/११ पर्यंत ते फारसं जाणवत नाही, एफ/१६ ला दिसायला लागतं, एफ/२२ ला सगळं चित्र मऊ होतं. शिवाय एफ/८ च्या मानानं शटर आठपट लांबतं, तेवढ्या वेळात गवत हलतं. एफ/८ ठेवा आणि विसरून जा.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ धरलं तर निरभ्र पहाटेला शटर साधारण असं पडतं : सूर्योदयाच्या २५ मिनिटं आधी २० ते ३० सेकंद, दहा मिनिटं आधी एक ते दोन सेकंद, सूर्य उगवताना सावलीतल्या जमिनीसाठी पाव ते अर्धा सेकंद, आणि त्यानंतर वीस मिनिटांनी १/३० च्या आसपास. सूर्योदयाआधीच्या या पंचवीस मिनिटांत प्रकाश दर चार मिनिटांनी जवळपास दुप्पट होतो. म्हणजे साडेसहाला ठरवलेलं मॅन्युअल सेटिंग सातला साफ चुकीचं असतं. अंधार असेपर्यंत मॅन्युअल ठीक आहे. तांबडं फुटलं की अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) या आणि कॉम्पेन्सेशननं फोटो उजळ-गडद करा. लँडस्केप मोड मात्र सोडून द्या, त्यात यातलं बरंच काही तुमच्या हातात राहत नाही.

पांढरं आकाश आणि काळे डोंगर, ही तुमची मुख्य तक्रार. सूर्य समोर असताना आकाश आणि सावलीतला डोंगर यांच्या उजेडात इतकं अंतर असतं की एका जेपेगमध्ये दोन्ही मावत नाहीत. पहिला उपाय रॉ, म्हणजे सेन्सरनं टिपलेली मूळ फाइल. जेपेग ८ बिटची असते, रॉ १२ किंवा १४ बिटची, त्यामुळे काळ्या भागात दडलेला तपशील नंतर वर काढता येतो. जळून पांढरं झालेलं आकाश मात्र रॉमध्येही परत येत नाही, म्हणून फोटो आकाशाच्या हिशेबानं काढा आणि जमीन थोडी गडद राहू द्या. दुसरा उपाय ब्रॅकेटिंग : पहिली फ्रेम कॅमेऱ्याच्या मीटरप्रमाणे, दुसरी दोन स्टॉप कमी, तिसरी दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). बऱ्याच कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंगबरोबर टायमर लावला की एकदा बटण दाबल्यावर तिन्ही फ्रेम निघतात. तुमच्यात ती सोय नसेल तर शटर हातानं बदला, ट्रायपॉडला धक्का न लावता. फिल्टर घ्यायचाच असेल तर पुढच्या वर्षी, आणि तेव्हाही मऊ कडेचा, तीन स्टॉपचा ग्रॅज्युएटेड, म्हणजे वर काळसर आणि खाली पारदर्शक. कडक कडेचा फिल्टर समुद्रासाठी बरा, आपल्या डोंगरांवर त्याची रेघ उमटते.

स्क्रीनवर बरा आणि घरी अंधारा, हा डोळ्यांचा खेळ आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तीच स्क्रीन झगझगीत वाटते, म्हणून कमी उजेडात काढलेला फोटोही पुरेसा उजळ दिसतो. स्क्रीनचा ब्राइटनेस दोन पायऱ्या खाली आणा आणि चित्रावर विसंबण्यापेक्षा हिस्टोग्राम पाहा, म्हणजे फोटोत गडद भाग किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे) हे दाखवणारा आलेख. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला आदळून तुटला असेल तर आकाश जळलं. सगळा ढीग डाव्या बाजूला चिकटला असेल तर फोटो अंधारा आहे, स्क्रीन काहीही दाखवो. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनवर ठेवा. ऑटो पहाटेचा निळेपणा आणि नंतरचा तांबूसपणा दोन्ही पुसून टाकतो आणि सातची वेळ दुपारच्या बारासारखी दिसते. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन मेनूत जाऊन बंद करा. ते चालू असलं की ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडून बसतो, आणि तेवढ्यात रंग बदललेला असतो.

एक विनंती कळकळीची. सूर्योदयाआधी वीस मिनिटं पाठ फिरवून पश्चिमेकडे बघा. क्षितिजालगत निळसर-राखाडी पट्टा दिसेल आणि त्याच्यावर गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य जसा वर येतो तसा तो खाली बुडत जातो आणि मग नाहीसा होतो. अजिंक्यताऱ्यावर गेलात तर यवतेश्वरच्या डोंगरावर हे छान दिसतं. या दिशेला उजेडातलं अंतर कमी असतं, एकाच फ्रेममध्ये सगळं मावतं. सगळे कॅमेरे सूर्याकडे वळलेले असतात आणि शिकणाऱ्याला सोपं असलेलं चित्र पाठीमागे राहून जातं. सूर्य उगवल्यानंतरची वीस मिनिटं आडव्या उजेडाची. गडावरून उत्तरेकडे पाहिलंत तर ऊन उजवीकडून येतं आणि सह्याद्रीच्या उतारांवरच्या काळ्या खडकाच्या पायऱ्या एकेक करून उठून दिसतात. समोरून किंवा बरोबर पाठीमागून ऊन असताना त्या सपाट होतात.

धुकं रोज नसतं, पण कधी पडेल याचा अंदाज बांधता येतो. शांत, निरभ्र रात्री जमीन उष्णता सोडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन उतारांवरून खाली वाहते. म्हणून अशा रात्री घाटमाथ्यापेक्षा वेण्णा-कृष्णेच्या खोऱ्यात जास्त काकडतं. वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि चुलींचा, गुऱ्हाळांचा, पेटवलेल्या पाचटाचा धूर त्याच्याखाली आडवा पसरतो. दिवसा आकाश स्वच्छ, रात्री वारा ताशी पाच-सहा किलोमीटरच्या आत आणि हवामानाच्या अ‍ॅपवर तापमान व दवबिंदू (ज्या तापमानाला दव धरतं तो) यांत दोन अंशांपेक्षा कमी फरक असेल तर गजर लावा. रात्री ढग आले किंवा वारा सुटला तर झोपा. सूर्य उगवला म्हणून आवराआवर करू नका. ऊन लागलं की धुकं हलायला, उसळायला लागतं, आणि चांगल्या फ्रेम बहुधा त्याच अर्ध्या तासात मिळतात.

धुक्यात कॅमेऱ्याचा मीटर फसतो. त्याला सगळं मध्यम राखाडी करायचं असतं, म्हणून पांढरं धुकं मळकट येतं. दोन-तृतीयांश ते एक स्टॉप जास्त द्या. नदीवरची वाफ ही वेगळी गोष्ट आहे. पाणी हवेपेक्षा उबदार असलं की ती उठते. संगम माहुलीला किंवा वाईजवळ मेणवलीच्या घाटावर थंडीच्या शांत पहाटे ती पाहायला मिळते. ती सतत सरकत असते आणि लांब शटरनं तिचा नुसता पांढरा लेप होतो. वाफेचे पदर दिसायला हवे असतील तर एफ/५.६, आयएसओ ४०० करून शटर १/१५ किंवा त्याहून वेगवान ठेवा. ते उजाडल्यावरच जमतं.

रुंद लेन्सबद्दल : यवतेश्वर घाटातून १८ मिमीला डोंगररांगा चौकटीच्या मध्ये बारीक रेघेसारख्या येतात, वर रिकामं आकाश आणि खाली काळं गवत. तुमच्याकडे आहे त्याच लेन्सचं ५५ चं टोक वापरा. एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा लांबच्या टोकालाच एकमेकींजवळ येतात. रुंद दृश्य हवंच असेल तर कॅमेरा उभा धरून ५५ मिमीला पाच-सहा फ्रेम घ्या, प्रत्येकीत मागच्या फ्रेमचा एक-तृतीयांश भाग येऊ द्या, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल ठेवा आणि घरी जोडा. पुढंमागं लेन्स घ्यायची वेळ आली तर सेकंडहँड ५५-२५० या टप्प्यातली बघा. आपल्या मुलखाला ती जास्त उपयोगी आहे.

वाफेचं कारण बहुतेक वेळा आपला श्वास असतो. काच हवेच्या दवबिंदूपेक्षा गार झाली की तिच्यावर पाणी धरतं. उघड्या आकाशाखाली लेन्स गार होतेच, वर आपण तोंड जवळ नेतो. फोटो घेत नसाल तेव्हा झाकण लावा, हूड कायम ठेवा, आणि दव बसलंच तर कोरड्या मायक्रोफायबरनं टिपा. मफलरनं पुसू नका, फुंकर तर मुळीच मारू नका. परतताना उलटा प्रकार होतो. गार कॅमेरा माणसांनी भरलेल्या, काचा बंद गाडीत किंवा घरात आणला की बाहेरून-आतून ओला होतो. डोंगरावरच तो बॅगेत घालून चेन लावा आणि घरी पोहोचल्यावर तासभर बॅग उघडू नका. कार्ड आधीच काढून घ्या, म्हणजे धीर धरवेल.

बॅटरीचा दोष थंडीवर टाकू नका. लिथियम बॅटरी बर्फात लवकर मान टाकते हे खरं, पण आपल्याकडच्या दहा-बारा अंशांत तिचं फार बिघडत नाही. तुमची बॅटरी खातो तो सतत चालू राहिलेला लाइव्ह व्ह्यू. फोकस करताना आणि फोटो घेताना तो लावा, एरवी बंद. फोटोनंतर चित्र आपोआप दिसण्याची वेळ दोन सेकंदांवर आणा. एवढं करूनही आठच्या आत संपली तर ती जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली थकलेली बॅटरी आहे, नवी घ्या. सध्या एवढाच खर्च करा.

एकट्यानं जाऊ नका. कास-बामणोलीच्या बाजूला रस्त्यावर गवे येतात, बिबट्याचाही वावर आहे. धुक्यात गाडीचा दिवा खाली ठेवा आणि वळणाच्या आत कधीही थांबू नका. डोक्याला लावायची बॅटरी, कानटोपी, बोटं मोकळी राहतील असे पातळ हातमोजे आणि थर्मासमध्ये चहा, एवढं पुरे. कासला गेलात तर फुलांचा हंगाम नसला तरी रस्ता सोडून पठारावर पाय ठेवू नका. सड्यावर जांभ्याच्या खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि त्यातच पुढच्या पावसाळ्याच्या बिया आणि कंद असतात.

क्लासचं म्हणाल तर अ‍ॅपर्चर-शटर तिथं दोन तासांत समजेल, पण तुमच्या वळणावरून धुकं कुठं साचतं हे कोणी शिकवणार नाही. पुढचे सहा रविवार एकच जागा धरा. पहिले दोन रविवार फक्त ५५ मिमी, झूम हलवायचा नाही. तिसऱ्या-चौथ्याला सूर्याकडे पाठ. शेवटच्या दोनला हवं ते. घरी आलात की डार्कटेबल किंवा रॉथेरपीमध्ये, ही दोन्ही फुकट मिळतात, आधी एक्स्पोजर, मग सावल्या आणि शेवटी रंग या क्रमानं हात फिरवा. रंगाचं सॅच्युरेशन दहाच्या पुढं नेऊ नका. एका पहाटेतले तीनच फोटो ठेवा आणि प्रत्येकाखाली वेळ, शटर, वारा आणि धुक्याची पातळी लिहून ठेवा. सहाव्या रविवारनंतर त्यातले तीन आमच्याकडे पाठवा, रॉ फाइलसकट. मग फ्रेमवर बोलू.